सफारीतील स्वच्छतागृहांची सोय

आईला मधुमेहामुळे वारंवार लघवीला जावे लागते, तेव्हा टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात प्राणी पाहताना दिवसभर गाडीत कसे निभावेल, ही एका वाचकाने चर्चेत मांडलेली काळजी रास्त आहे. मात्र त्यावर चर्चेत सुचवलेला पाणी कमी पिण्याचा उपाय मला पटत नाही, कारण विषुववृत्ताजवळच्या उन्हात आणि धुळीत त्याचा त्रासच अधिक होतो. सेरेंगेटीच्या नाबी हिल प्रवेशद्वारापाशी आणि शेजारच्या न्गोरोंगोरो ज्वालामुखी विवरात न्गोइटोकिटोक येथील सहलस्थळी स्वच्छतागृहे आहेत, तेव्हा दिवसाचा मार्ग ठरवतानाच चालकाला थांब्यांची गरज स्पष्टपणे सांगावी. यात संकोच करू नये. चालकांना ही विनंती रोजचीच असते.

मधेच निकड भासल्यास चालक आधी परिसर न्याहाळतो आणि सुरक्षित वाटले तरच गाडीलगत, आडोशाला उतरू देतो. झुडपामागे जाण्याचा आग्रह मुळीच धरू नये, कारण सिंह तिथेच सावलीला बसलेले असू शकतात. वापरलेला कागद तिथे न टाकता बंद पिशवीत परत आणावा. टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी असल्याने त्यासाठी कापडी, आतून जलरोधक पिशवी घरूनच न्यावी. साडीपेक्षा सैल कुर्ता व सलवार सोयीची, आणि पाण्याची एक बाटली केवळ स्वच्छतेसाठी वेगळी ठेवावी.