मदत हवी आहे: रोटाव्हेटरचा पीटीओ शाफ्ट थरथरतोय, महिन्यात दोन क्रॉस गेले

नमस्कार मंडळी, आम्ही वाळवा तालुक्यातले, ४५ एचपीचा ट्रॅक्टर आणि ६ फुटी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं यंत्र), चार सीझन काही म्हणजे काही तक्रार नव्हती. यंदा उसाच्या खोडव्याचं रान मोडताना बुडख्यात अडकून पीटीओ शाफ्टचा (ट्रॅक्टरची ताकद रोटाव्हेटरला देणारा फिरता दांडा) पाईप पिळवटला, लेथवर नवीन चौकोनी पाईप वेल्ड करून घेतला आणि तिथनं पुढं हे चालू झालंय. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर आणला की सीटखालून घर्र घर्र, मडगार्डवर हात ठेवला तर मुंग्या येतात, पाण्याची बाटली टूलबॉक्सवरनं सरकत सरकत खाली पडते. जमिनीत असताना त्यातल्या त्यात बरं, पण वळणावर जरा उचलला की असा आवाज की वडील बांधावरनं हात करून बंद करायला लावतात.

पहिला क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातला अधिक चिन्हासारखा तुकडा) १२ दिवसांत गेला, दुसरा गेल्या गुरुवारी. काढलेला क्रॉस पुढ्यात घेऊनच हे टाईप करतोय, वाटीतल्या बेअरिंगच्या सुया निम्म्या तुटल्यात आणि दांड्यावर सुयांचे वळ उमटलेत, नख फिरवलं तर अडकतं. ग्रीस रोज सकाळी मी स्वतः मारतो. लेथवाले म्हणतात बॅलन्सिंग करा, दुकानदार म्हणतो शाफ्टच नवीन घ्या. पाऊस यायच्या आत ३ एकर उरकायचंय, कोणाला असा अनुभव असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १:
दादा बॅलन्सिंगच्या मागं लागू नका, ५४० ला पाईप सरळ असेल तर बॅलन्सचा एवढा त्रास होत नाही. पाईप नवीन आहे म्हणताय तर आधी योक (क्रॉस धरणारी दोन कानांची बेचकी) बघा. शाफ्ट जमिनीवर आडवा ठेवा, मधल्या पाईपाच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत पाहिजेत, एकाचे कान उभे तर दुसऱ्याचेही उभेच. चौकोनी शाफ्ट ९० अंश फिरवून पण आरामात बसतो, म्हणून ही चूक फार होते. क्रॉस कोनात फिरला की पुढचा भाग एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा हळू फिरतो. कोन ३० अंश असेल तर ५४० चे कधी ४६८ तर कधी ६२४ होतात, आणि ५४० म्हणजे सेकंदाला ९ फेरे, तर असे १८ हिसके. योक एका रेषेत असले की दुसरा क्रॉस ही चढउतार खाऊन टाकतो, ९० अंशाने चुकले तर उलट वाढवतो.

प्रतिसाद २:
वरचं बरोबर आहे पण तेवढ्यानं भागत नाही, दोन्हीकडचा कोन सारखा पाहिजे. ट्रॅक्टर सपाटीवर लावा, रोटाव्हेटर कामाच्या खोलीवर, मोबाईलमधलं लेव्हल पीटीओवर आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टवर ठेवून बघा. टॉप लिंक (ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर वरून जोडणारा दांडा) आखूड असली की गिअरबॉक्सचं नाक खाली जातं. पाईप नवीन आहे तर शाफ्ट सगळ्यात आखूड होतो तिथं आत तळाला टेकत नाही ना तेही बघा, किमान १ इंच मोकळं पाहिजे. आणि वळणावर पीटीओ बंद करूनच उचलत जा. शाफ्टवरचा गार्ड (झाकण) काढला असेल तर आजच बसवा, वडील जवळ थांबतात म्हणताय, टॉवेलचं टोक गुंडाळायला क्षण लागत नाही.

मूळ धागाकर्ता:
दादा खूप खूप आभार. योक खरंच ९० अंशाने चुकलेले होते, रोज ग्रीस मारताना डोळ्यांसमोर होते तरी दिसलं नाही. सरळ करून आता दोन्ही भागांवर पंचनं खूण मारली. टॉप लिंक पलटी नांगराच्या वेळची तशीच आखूड राहिलेली, पीटीओ २ अंश आणि गिअरबॉक्स ११ अंश खाली, लिंक लांब करून सारखे केले. गार्ड बसवला. सकाळपासून अर्धा एकर झाला, बाटली जागची हलली नाही.

फक्त गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टला हातानं हलवलं तर थोडा प्ले (ढिलेपणा) लागतोय आणि ऑइल सीलपाशी ओल दिसतेय, महिनाभराच्या हिसक्यांनी बेअरिंग गेलं असणार. उरलेलं अडीच एकर याच्यावर काढू का आधी बेअरिंग आणि सील बदलून घेऊ?