वी यू आपटला आणि स्विच १५ कोटी पार, मग एक्सक्लुझिव्हने नक्की फरक पडतो का?

कोल्हापुरी_कंट्रोलर
मी पहिल्यापासून प्लेस्टेशनवाला, निंटेंडोशी फारसा संबंध नाही. पण एक गणित डोक्यात बसत नाहीये. मार्च २०१७ मध्ये निंटेंडोचा स्विच कन्सोल आला, ताकदीला पीएस ४ पेक्षा कमी, कॉल ऑफ ड्यूटी पण नाही, आणि तरी १५ कोटींच्या वर खपला. त्यांचाच त्याआधीचा कन्सोल वी यू, त्यावर मारिओ होता, मारिओ कार्ट होता, कॉल ऑफ ड्यूटी सुद्धा होता, तो दीड कोटीपर्यंत पण पोचला नाही. एक्सक्लुझिव्ह म्हणजे फक्त एकाच कन्सोलवर मिळणाऱ्या गेम्समुळे कन्सोल खपतो म्हणतात ना, मग वी यूच्या वेळी काय झालं?

रात्रपाळी_गेमर
भावा गेम कुठले आले त्यापेक्षा कधी आले ते बघ. स्विचचं पहिलं वर्ष घे, मार्चला झेल्डा, एप्रिलला मारिओ कार्ट, जुलैला स्प्लॅटून २, ऑक्टोबरला मारिओ ओडिसी, डिसेंबरला झेनोब्लेड २. सगळी लाकडं एकदम चुलीत कोंबली नाहीत, एकेक सारत राहिले. स्प्लॅटूनच्या सुमारास जपानमध्ये दुकानदार लॉटरी काढून कन्सोल विकत होते. आता वी यू बघ, नोव्हेंबर २०१२ ला आला आणि पुढचे कितीतरी महिने नुसता दुष्काळ. पिकमिन ३ पुढे ढकलला. रेमन लेजंड्स फक्त वी यूवर येणार होता, फेब्रुवारीचा सप्टेंबर झाला आणि वर बाकीच्या कन्सोलवर पण काढला, म्हणजे ज्याने त्या एका गेमसाठी वी यू घेतला त्याच्या तोंडाला पानंच पुसली की. मारिओ कार्ट ८ ने विक्री वाढली हे खरंय पण तो आला मे २०१४ ला, तोपर्यंत पीएस ४ घराघरात गेला होता आणि बाहेरच्या कंपन्यांनी वी यूसाठी गेम बनवणं जवळपास सोडलं होतं.

जॉयस्टिक_जोशी
तारखा वगैरे ठीक आहे, पण मुळात वी यू काय आहे हेच लोकांना कळलं नव्हतं, त्याआधीच्या वी कन्सोलची अ‍ॅक्सेसरी वाटायची. आणि अजून एक, तेव्हा निंटेंडोची ताकद दोन ठिकाणी वाटली जायची, अर्धे गेम ३डीएस या हातात धरून खेळायच्या कन्सोलसाठी (हँडहेल्ड) अर्धे वी यूसाठी. स्विच हातात पण आणि टीव्हीला पण, त्यामुळे सगळं एकाच मशीनवर आलं. मुख्य मालिकेतले पोकेमॉन कायम हँडहेल्डवरच यायचे ते पण इथेच. दर दोन-तीन महिन्यांनी काहीतरी द्यायला जमलं ते त्यामुळेच, नाहीतर नुसतं ठरवून होत नाही ते.

सेव्ह_पॉइंट
दोघांचंही पटलं पण जुन्या गेम्सचं कोणी बोललंच नाही. मारिओ कार्ट ८ वी यूवर साधारण ८४ लाख खपला, तोच थोडी भर घालून डिलक्स म्हणून स्विचवर काढला तर ६ कोटींच्या वर. कारण नवा कन्सोल घेणारा पहिल्यांदा तोच उचलतो, आणि निंटेंडो आपल्या गेमची किंमत सहजासहजी पाडत नाही (खिशाला चटका बसतो तो वेगळा). म्हणजे नवीन गेम माणसाला दुकानात आणतो आणि पिशवीत जुना पण जातो. मार्च २०२० ला अ‍ॅनिमल क्रॉसिंग आला तेव्हा नेमका लॉकडाऊन, १२ दिवसांत १ कोटीच्या वर कॉप्या, कन्सोल तर मिळेचना.

कोल्हापुरी_कंट्रोलर
ओके आता जरा डोक्यात शिरतंय. पण मग मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवरचा स्टारफिल्ड? तो पण तर एक्सक्लुझिव्हच होता ना.

रात्रपाळी_गेमर
कसला एक्सक्लुझिव्ह, पहिल्याच दिवशी पीसीवर होता आणि मायक्रोसॉफ्टच्या गेम पास सबस्क्रिप्शनमध्ये पण. ज्याच्याकडे बरा पीसी आहे तो कन्सोल कशाला घेईल? सप्टेंबर २०२३ ला आला आणि त्याच तिमाहीत एक्सबॉक्स हार्डवेअरचं उत्पन्न ७ टक्क्यांनी घसरलेलं. अर्थात मायक्रोसॉफ्टला सबस्क्रिप्शन विकायचंय, कन्सोल नाही, त्यांचा हिशोबच वेगळा.

जॉयस्टिक_जोशी
@कोल्हापुरी_कंट्रोलर घ्यायचा विचार असेल तर एक लक्षात ठेव, निंटेंडो भारतात अधिकृतपणे विकत नाही, इथे मिळतो तो सगळा बाहेरून आणलेला माल. कोणी दुबईहून येणार असेल तर आधी वशिला लाव.