मदत हवी आहे: पुढून धब धब आवाज अन् स्टेअरिंग थरथरते, बेरिंग बदलून झालं

वावरातला
मंडळी जरा लवकर सांगा कोणी. पोळ्याच्या आधी सेकंड हँड गाडी घेतली, तवा चालवून पाह्यली त मस्त होती, आता काही दिवसांपासून पुढून धब धब धब असा एका लयीत आवाज येऊन राह्यला अन् स्टेअरिंग हातात थरथरते, स्पीड वाढवली की आवाजही जलद होते. इथल्या गॅरेजवाल्यानं ऐकल्याबरोबर बेरिंग गेलं म्हणून सांगितलं, बेरिंग टाकलं, पैसे गेले, आवाज जसाच्या तसा. आता तो म्हणते एक्सल बदला. पुढच्या आठवड्यात बाबांना सावंगीला दवाखान्यात न्यायचं आहे, कळंबहून सगळा हायवेच आहे, अशा गाडीत त्यांना बसवायची हिंमत होत नाही. काय असन हे?

बुटीबोरी_अप
गाडी कोणती, कोणत्या सालची, किती चालली, बेरिंग कोणत्या बाजूचं टाकलं? यातलं काहीच लिहिलं नाही त आम्ही सांगावं काय. आवाज ब्रेक मारल्यावर वाढते का, वळणावर वाढते का, हेही लिहा.

तूर_सोयाबीन
अलायमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत, करून घ्या भाऊ. माझी गाडी अशीच थरथरत होती, वर्ध्याला अलायमेंट केली, दुसऱ्या दिवसापासून बंद. बाकी खर्चात पडू नका.

बुटीबोरी_अप
@तूर_सोयाबीन अलायमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर एकीकडून घासतात. थरथर बॅलन्सिंगनं, म्हणजे चाकाचं वजन चहूकडून सारखं केल्यानं, जाते. तुमच्या दुकानदारानं दोन्ही केलं असन अन् तुम्ही नाव अलायमेंटचं घेता.

तूर_सोयाबीन
बिलावर अलायमेंटच लिहिलं होतं. मी माझा अनुभव सांगून राह्यलो, पटलं त घ्या.

वावरातला
डिझेल सेडान आहे, २०१३ ची, इंजिनची ताकद पुढच्या चाकांवर. बेरिंग उजव्या बाजूचं टाकलं. ब्रेकचा काही संबंध नाही, ब्रेक बरोबर लागते. अलायमेंट करायचं म्हटलं त यवतमाळ नाही त वर्धा, तिथपर्यंत न्यायचीच भीती वाटते म्हणून त विचारलं. एक्सल टाकू का नको एवढं सांगा.

आर्णीकर
आमच्या जीपला सेम आवाज होता. खालचा क्रॉस, म्हणजे मागं जाणाऱ्या शाफ्टचा सांधा, गेला होता, क्रॉस बदलला, विषय संपला. क्रॉस पाहा आधी.

बुटीबोरी_अप
त्यांची गाडी पुढच्या चाकांवर चालते, मागं जाणारा शाफ्टच नाही त क्रॉस कुठून येईन?

कायद्याचं_बोला
गाडी नावावर झाली का ते सांगा. फॉर्म २९ अन् ३० आरटीओत गेले पाहिजे, अन् इन्शुरन्स नावावर करायला १४ दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज द्यावा लागते. लोक गाडी घेतात अन् कागद जुन्या मालकाच्याच नावावर ठेवतात, अपघात झाला की मग धावपळ. गाडी दुसऱ्या राज्यातली असन त एनओसीही पाहून घ्या.

वावरातला
कागद सगळे झाले जी. चाकाचं सांगा.

जुना_पाना
एसटीच्या वर्कशॉपात जन्म गेला माझा, म्हणून दोन गोष्टी सांगतो, सामान टाकायची घाई करू नका. आवाज लयीत येऊन राह्यला ना, मग ती लय आधी मोजा. तुमच्या गाडीला बहुतेक १६५/८० आर१४ टायर असन, टायरवर लिहिलेलं राहते, पाहून घ्या. हा टायर एका फेऱ्यात जवळपास १.९५ मीटर जाते. म्हणजे २० च्या स्पीडला चाक सेकंदाला तीनच्या आतबाहेर फिरते अन् १० च्या स्पीडला दीडच्या आसपास. रिकाम्या रस्त्यावर १० वर चालवा, काच खाली करा, सोबत कोणाला बसवा अन् त्याला धब मोजायला सांगा. चाकाच्या एका फेऱ्याला एकच धब येत असन त आवाज त्या चाकासोबतच फिरून राह्यला: टायर, रिम, ढिले नट, डिस्क यापैकीच काहीतरी. बेरिंग असं धब धब करत नाही, ते घूंऽऽ करून सलग गुणगुणते, अन् वळणावर त्याचा आवाज बदलते. डावीकडं वळताना वजन उजव्या चाकावर येते, तवा गुणगुण वाढली त उजवं बेरिंग. एक्सलचा जॉइंट गेला असन त स्टेअरिंग पूर्ण मुरडून रेस दिली की कट कट कट करते. तुमचं असं होते का?

अन् आणखी एक. थोड्या स्पीडला आल्यावर न्यूट्रल करा, इंजिन चालूच ठेवा, बंद करू नका, बंद केलं त स्टेअरिंग अन् ब्रेक जड होतात. न्यूट्रलमध्येही आवाज तसाच राह्यला त इंजिन-गिअरकडं पाहूच नका.

नायट्रो_भाऊ
टायरमध्ये नायट्रोजन भरा. साधी हवा गरमीत फुगते, आपल्याकडं मे महिन्यात ४५ च्या वर पारा जाते, त्यामुळंच टायर खराब होऊन आवाज येतात.

बुटीबोरी_अप
साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच आहे. नायट्रोजनही गरम झाल्यावर फुगतेच. महिन्यातून एकदा हवा चेक करा, तेच खरं काम.

नायट्रो_भाऊ
साध्या हवेत पाण्याचा अंश राहते, तो नायट्रोजनमध्ये नसते. समृद्धीवर गाडी नेत असाल त भराच.

वावरातला
समृद्धीवर न्यायची नाही. @जुना_पाना काका, आत्ताच पुतण्याला घेऊन पांदणीवरून डांबरीवर जाऊन आलो. तुम्ही म्हणता तसं, एका फेऱ्याला एकच धब. न्यूट्रलमध्येही सेम. पूर्ण मुरडून पाह्यलं, कट कट काही नाही. आवाज पुतण्या म्हणते डावीकडून येते. वळणावर फरक नाही.

बुटीबोरी_अप
डावीकडून! अन् बेरिंग टाकलं उजवीकडचं. टायर कोणत्या सालचे आहेत? साइडवर चार आकडे राहतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन साल. २३१६ असन त २०१६ चा २३ वा आठवडा.

वावरातला
टायर चांगले आहेत, नक्षी भरपूर आहे, विकणाऱ्यानं नवीन टाकलेत म्हणून सांगितलं होतं.

जुना_पाना
नक्षी पाहून टायर कळत नाही. जॅकवर डावं चाक उचला. आधी हँडब्रेक, मागच्या चाकाला दगड लावा, अन् नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही शिरू नका, घोडी (लोखंडी स्टँड) लावा नाही त स्टेपनी काढून गाडीखाली आडवी टाका. चाक उचललं की पहिलं काम नट पाहा, सगळे टाइट आहेत का. मग वर अन् खाली धरून चाक हलवा, खळ खळ झालं त बेरिंग. डावी-उजवी बाजू धरून हललं त टाय रॉड, म्हणजे स्टेअरिंगकडून चाकाकडं येणारा दांडा. मग पऱ्हाटीची एक काडी जमिनीवर टेकवून तिचं टोक टायरच्या एकदम जवळ धरा, पण लागू देऊ नका, अन् चाक हातानं हळूहळू फिरवा. कुठं टायर काडीला लागते अन् कुठं दूर जाते ते दिसन. आतल्या बाजूनं, म्हणजे इंजिनकडच्या अंगानं, पूर्ण गोल हात फिरवा. लोक बाहेरूनच पाहतात अन् टायरला आलेला फुगा नेमका आत राहते. अन् रिमच्या आत काळ्या मातीचा गोळा वाळून बसला का तेही पाहा, पावसाळ्यात वावरात गाडी गेली असन त तो बसतेच, अन् एका बाजूला बसला की चाक थरथरते.

तूर_सोयाबीन
हे मातीचं बरोबर आहे. माझ्या रिममधून किलोभर निघाली होती.

आर्णीकर
जुन्या गाड्यांचं हेच राहते, म्हणून मी म्हणतो घ्यायच्या आधी आपल्या माणसाला दाखवा. सध्या डिझेल घ्यावी का सीएनजी, महिन्याला चालणं कमी आहे?

कायद्याचं_बोला
सीएनजीसाठी वेगळा धागा काढा.

वावरातला
सापडलं! डाव्या टायरच्या आतल्या बाजूला मुठीएवढा फुगा आला आहे, बाहेरून काहीच दिसत नाही. साइडवर ३८१५ आहे. म्हणजे नवीन म्हणून सांगितलेला टायर २०१५ चा. काडी अर्ध्या फेऱ्यात टेकते, अर्ध्यात दूर. रिममध्ये मातीपण निघाली. स्टेपनी लावून गावातल्या गावात फिरवली, धब धब पूर्ण बंद. थोडीशी थरथर वाटते अजून. खूप खूप आभार काका. अन् एक्सल मी टाकलाच असता हो. फुगा पंक्चरवाल्याकडून आतून पॅच लावून होते का? सावंगीपर्यंत चालन का?

जुना_पाना
नाही, नाही. खड्ड्यात जोरात आदळला की साइडच्या आतले धागे तुटतात, मग हवा नुसत्या रबराला बाहेर ढकलते, तोच फुगा. पॅचनं तुटलेला धागा जुळत नाही. तो टायर हायवेवर जाऊच देऊ नका, ८० वर फुटला त गाडी हातात राहत नाही, अन् पुढचं चाक आहे. पंक्चरवाला लावून देतो म्हणाला तरी नाही म्हणा.

बुटीबोरी_अप
स्टेपनीचे आकडेही वाचा, ती गाडीसोबतच आली असन त २०१३ ची निघन. उजव्या टायरचेही वाचा.

वावरातला
स्टेपनी ०९१३. उजवा टायरही ३८१५ च. आता काय, चारही टाकू? एवढे पैसे कापूस विकल्याशिवाय नाही.

तूर_सोयाबीन
चार नको, दोन टाका.

जुना_पाना
दोन टाका, एकाच कंपनीचे, एकाच साइजचे. घेतानाच दुकानात चार आकडे वाचून घ्या. रिम आतून पाण्यानं धुवा, दोन्ही चाकं बॅलन्सिंग करा, थरथर त्यानंच जाईन. नट एकामागून एक नाही, समोरासमोरचे आवळायचे, अन् ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा पाना लावून पाहायचे.

नायट्रो_भाऊ
नवीन टायर मागं लावा अन् मागचे चांगले पुढं घ्या. ओल्या रस्त्यावर मागची गाडी सरकली की सावरत नाही.

आर्णीकर
पुढं लावा, स्टेअरिंग पुढं आहे अन् ब्रेकचा जोरही पुढंच पडते.

जुना_पाना
नायट्रो भाऊंचं बरोबर आहे, नवीन मागंच. पण मागच्या दोघांचे आकडे वाचल्याशिवाय अन् आतून हात फिरवल्याशिवाय ते पुढं आणू नका. मागचे कोणत्या सालचे आहेत, ते त अजून सांगितलंच नाही.

वावरातला
अंधार पडला, सकाळी पाहून लिहितो. बाबांसाठी शेजारच्या भाऊंची गाडी सांगून ठेवली आहे, टायर बसले नाहीत त त्यातच नेतो.