संस्थेऐवजी स्वतःच्या घरी : आपले अनुभव लिहावेत

अपंग व्यक्तीला मदतनीस लागतो, म्हणून तिने निवासी संस्थेतच राहावे, हे गृहीतक अमेरिकेतील अपंगांनी रस्त्यावर बसून मोडीत काढले. तो लढा जवळून पाहिलेल्यांनी आणि घरच्या माणसाला संस्थेतून परत आणलेल्यांनी येथे लिहावे, ही विनंती.

डेन्व्हरहून :
मी येथे मदतनीस म्हणून काम करते. कोलफॅक्स आणि ब्रॉडवे या रस्त्यांच्या चौकात ५ जुलै १९७८ रोजी १९ अपंग आंदोलकांनी बस अडवल्या आणि रात्रही तेथेच काढली. नर्सिंग होममधील, म्हणजे तेथील निवासी शुश्रूषा संस्थेतील, माजी कर्मचारी वेड ब्लँक यांच्या साथीने अशा संस्थांमधून बाहेर पडलेल्यांनी उभारलेला हा लढा होता. बसमध्ये चढताच येत नसेल तर स्वतःचे घर मिळूनही माणूस कोंडलेलाच राहतो, हे त्यांनी ओळखले होते. पुढे त्यातूनच अडॅप्ट ही संघटना उभी राहिली आणि १९९० पासून घरच्या घरी मदतनीस मिळणे ही तिची मुख्य मागणी झाली. मी ज्यांच्याकडे जाते, त्या बाई नऊला उठतात आणि आधी चहा घेतात, मग अंघोळ. संस्थेत अंघोळीचे वारसुद्धा ठरलेले असत.

न्यू जर्सीहून :
विनाकारण संस्थेत ठेवणे हा भेदभाव आहे, असे ऑल्मस्टेड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ जून १९९९ रोजी ठरवले. बरोबर अठरा वर्षांनी, मेडिकेडमधील (घरच्या मदतनिसाचा खर्चही देणारी सरकारी आरोग्य योजना) कपातीविरुद्ध सिनेटमधील तेव्हाचे बहुमताचे नेते मॅककॉनेल यांच्या कार्यालयाबाहेर ठिय्या देणाऱ्यांना पोलिसांनी उचलून नेले. ती दृश्ये पाहताना माझ्या व्हीलचेअरवरच्या मुलीने माझा हात घट्ट धरला होता.

पुण्याहून :
धाकटा भाऊ संस्थेतून घरी आला, तेव्हा रोज रात्री माझ्या दाराशी येऊन "दिवा मालवू का?" असे विचारत असे. चार-पाच महिन्यांनी एका रात्री बारा वाजून गेले तरी त्याच्या खोलीत दिवा होता आणि रेडिओ चालू होता. मी उठलो नाही, अंथरुणात पडून ऐकत राहिलो. समाजात राहण्याचा हक्क आपल्याकडील २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातही आहे. मदतनिसाचा पगार मात्र आम्ही तिघे भावंडे वाटून भरतो.

ठाण्याहून :
माझा मुलगा एकेचाळीस वर्षांचा आहे आणि मी अडुसष्ट. संस्थेचा भरलेला अर्ज दोन वर्षे कपाटात आहे. तो देण्यास मन धजत नाही. पुण्याच्या दादांनी मदतनिसाला महिन्याला किती द्यावे लागतात आणि रात्री कोण थांबते, हे कृपया सविस्तर लिहावे.