आमसुलांचा तीन मिनिटांचा व्हिडिओ, प्रोफेशनलवाले नक्की करतात तरी काय?

कोकमवाली, गुहागर

नमस्कार मंडळी, थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या. आमच्या आईचा बचत गट आहे, सात जणी मिळून दरवर्षी आमसुलं, आगळ (म्हंजे कोकमाचा खारवलेला रस), सरबत करतात. यंदा मुंबईत एका प्रदर्शनात स्टॉल मिळतोय, तिथे स्क्रीनवर लावायला आणि मग यूट्यूबवर टाकायला तीनेक मिनिटांचा व्हिडिओ हवाय. गेल्या मे महिन्यात मीच फोनवर शूट केलं, फोन चांगला आहे, फोर-के वगैरे सगळं. १४० क्लिपा झाल्या. दिवाळीत एडिट करायला बसले तर सुरुवात कुठून करायची तेच कळेना. निम्म्या क्लिपांत आई बोलतेय आणि वारा नुसता भसभसतोय, रातांबे, म्हंजे कोकमाची फळं, फोडतानाच्या क्लिपा ढीगभर आणि आगळ गाळतानाची एक नाही. शेवटी गाणं लावून दीड मिनिटाचं कायतरी केलं. आई बघून म्हणाली छान आहे हो, पण यात आम्ही करतो काय ते कुठे कळतं?

एका व्हिडिओवाल्याला विचारलं तर त्याने जो आकडा सांगितला त्यात आमच्या अर्ध्या सीझनच्या बाटल्या आणि लेबलं येतील. म्हणाला दोन दिवस शूट आणि बाकीचं सात दिवस काम. हे सात दिवस कसले ते मला कळत नाहीये. रातांबे पिकायला अजून दीड महिना आहे तेव्हा शिकायची तयारी आहे, पण नक्की काय शिकू?

खाडीकाठचा, रत्नागिरी

ते सात दिवस खोटे नाहीत ताई. मी बारा वर्षं हेच करतो, लग्नं, होमस्टे, आंबेवाले, सगळं. तुमची चूक शूटमध्ये झालेली नाहीच, त्याच्या आधी झालीय.

पहिलं हे ठरवा की बघणारा कोण आणि कुठे बघणार. प्रदर्शनात काय गोंगाट असतो माहितीये ना? तिथे आईचं बोलणं कोणालाही ऐकू येणार नाही. म्हंजे स्टॉलवरचा व्हिडिओ मुका चालला पाहिजे, मोठ्या अक्षरात चार ओळी, आणि माणूस चालता चालता कुठूनही बघायला लागला तरी ४० सेकंदांत अर्थ लागला पाहिजे. यूट्यूबवाला वेगळा, तिथे माणूस कानात इअरफोन घालून बसलाय, तिथे आईला बोलू दे. शूट एकच पण व्हिडिओ दोन, आणि हे आत्ताच ठरलं तर दोघांना लागणारे शॉट घेतले जातात. नंतर ठरवलं तर तुमची आगळ गाळायची क्लिप झाली तसं होतं.

मग स्क्रिप्ट. कागदाच्या मधोमध रेघ मारा, डावीकडे काय दिसतंय, उजवीकडे काय ऐकू येतंय. आपण मराठी नीट बोललो तर मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द होतात, म्हणून तीन मिनिटांत पावणेचारशे बसतील असं वाटतं पण नका बसवू, अडीचशेवर थांबा, नाहीतर बघायला जागाच उरत नाही. उजवीकडे शब्द आहेत आणि डावीकडे रकाना रिकामा, अशी एक जरी ओळ राहिली तर तो शॉट तुमच्याकडे नाही. हे मे महिन्यात कळून उपयोग काय, पाऊस लागला की संपलं, मग पुढच्या वर्षी.

त्यातून शॉटची यादी निघते. यादीत नुसतं "रातांबे फोडणे" लिहायचं नाही. लांबून सगळं खळं आणि सातही जणी. मग आई एकटी, कमरेपासून वर. मग नुसते हात, लालभडक झालेले. बी टोपात पडते तो शॉट. आईचा चेहरा, ती शेजारणीकडे बघून हसतेय. हे पाच शॉट झाले, प्रत्येकी दहा सेकंद हात न हलवता, शक्यतो स्टँडवर. तुमच्या ढीगभर क्लिपा सगळ्या उभ्याने एकाच उंचीवरून काढलेल्या असणार, पैज लावतो. त्या एकमेकींना जोडताच येत नाहीत, उडी मारल्यासारखं दिसतं.

आमसुलाला दिवस लागतात, सालं रसात बुडवून पुट द्या, वाळवा, परत पुट द्या, त्यामुळे सगळं क्रमाने शूट करायच्या भानगडीत पडू नका. आधीच्या खेपेची वाळत आलेली सालं राखून ठेवा आणि आज फोडलेली पण घ्या, सगळ्या पायऱ्या एकदोन दिवसांत उरकतात. फक्त आईची साडी दोन्ही दिवस तीच पाहिजे, बांगड्या पण.

उजेड म्हणाल तर दुपारी खळ्यात शूट करू नका, डोळ्यांखाली काळी भोकं पडतात. साडेनवाच्या आत नाहीतर चारनंतर, किंवा सरळ पडवीच्या कडेला बसवा, तिथला उजेड फुकट आणि मऊ असतो. फोनमध्ये मॅन्युअल मोड असेल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०, आपली लाईट ५० हर्ट्झची आहे, तिच्याशी न जुळणारं काही ठेवलं की ट्यूब लपलप करताना दिसू शकते. बाहेर उन्हात १/५० ठेवलंत तर चित्र पांढरं फटक होईल, त्याला एनडी फिल्टर लागतो, चष्म्याच्या गॉगलसारखी काच असते. आणि व्हाईट बॅलन्स, म्हंजे फोन रंग ठरवतो ते सेटिंग, लॉक करा, लॉक. ऑटोवर ठेवलं की स्टीलच्या टोपातलं आगळ एका शॉटमध्ये लाल, पुढच्यात जांभळं, आणि तुमचा तर धंदाच त्या रंगावर आहे.

मालवणी झील

ह्या सगळा ऱ्हवांदे, ड्रोन उडय गो. ड्रोनाशिवाय व्हिडिओ म्हंजे सोलकढीशिवाय जेवाण.

खाडीकाठचा, रत्नागिरी

@मालवणी झील, दोनशे फुटांवरून आमसूल दिसतं का रे? एखादा शॉट वाडीचा हवा असेल तर ठीक, पण २०२१ च्या ड्रोन नियमांत लाल-पिवळे-हिरवे झोन आहेत, उडवायच्या आधी डिजिटल स्कायच्या नकाशावर आपली जागा बघायची. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत चालतं. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाच्या आसपास, किल्ल्यांवर, असं उचललं आणि उडवलं करू नका कोणी.

बूम माईक, मूळची मालगुंड

साउंडचं काम करते म्हणून मधे तोंड घालते. चित्र जरा हललेलं लोक चालवून घेतात पण आवाज खराब असला की दहा सेकंदांत पुढे जातात. फोन सहा फुटांवर धरला की त्याला आई कमी आणि समुद्राचा वारा जास्त ऐकू येतो, तो कितीही महागाचा असो. कॉलर माईक घे, सोबत केसाळ टोपी येते ती लावल्याशिवाय बाहेर रेकॉर्ड करू नकोस. पदराच्या घडीआड लावणार असशील तर आधी रेकॉर्ड करून ऐक, कडक कॉटनची साडी असली की हलताना करकर येते. बोलणं सगळ्यात मोठं होईल तेव्हा रेकॉर्डिंगचा आवाज दाखवणारा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू दे, शून्याला टेकला की फाटतो आणि फाटलेला आवाज धड जोडता येत नाही.

मुलाखत खळ्यात नको, माजघरात घे. जांभ्याच्या जाड भिंती आहेत ना, बाहेरचं बरंचसं अडतं, आत घुमत असेल तर कॅमेऱ्यामागे जमिनीवर गोधड्या पसर. विहिरीचा पंप, पंखा, फ्रिज सगळं बंद. फ्रिज बंद केलास की गाडीची चावी आत फ्रिजमध्ये ठेव, म्हंजे निघताना उघडावाच लागतो आणि चालू करायची आठवण होते. आमच्यात ही जुनी युक्ती आहे. मी एकदा नाही ठेवली आणि एका काकूंची दीड किलो सुरमई गेली, अजून तोंड दाखवायला लाज वाटते.

आणि आईला "किती पुटं देता?" असं विचारलंस की ती "तीन" म्हणेल आणि गप्प बसेल. त्या "तीन"चं एडिटरने काय करायचं? "पुट कसं देता ते पहिल्यापासून सांग" म्हण, म्हंजे तुझा प्रश्न कापला तरी उत्तर एकटं उभं राहतं. ती थांबली तरी दोन क्षण तू बोलू नकोस, खरं काय ते लोक त्या गप्प वेळेनंतर बोलतात. शेवटी सगळ्यांना गप्प करून त्या खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट घे, तुकडे जोडताना मधल्या फटी त्याने भरतात. रातांबा फुटतानाचा चर्र आवाज, आगळाची धार, हे माईक अगदी जवळ नेऊन वेगळे घे.

कोकमवाली, गुहागर

बापरे. स्टॉलवर आवाज ऐकूच येणार नाही हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि हो, सगळ्या क्लिपा उभ्याने काढल्यात 😅

एक विचारते, सुरुवात वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताने करायची होती, चालेल ना? आणि ते सात दिवस अजून कोणी सांगितले नाहीत.

खाडीकाठचा, रत्नागिरी

माझं मत विचाराल तर आमसुलात समुद्राचं काय काम, सुरुवात लाल हातांनी करा. पण घ्यायचाच असेल तर तिथी बघून जा. आमचे आजोबा सांगायचे भरतीची वेळ म्हंजे तिथीची पाऊणपट, अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हंजे भरती साधारण सहाला, संध्याकाळी पुळण पाण्याखाली. पुनव किंवा अमावास्येनंतर एकदोन दिवसांनी गेलात तर सूर्य बुडताना ओहोटी असते आणि ओल्या वाळूत सगळं आभाळ उतरलेलं मिळतं. घरी आल्यावर लेन्स आणि फोन जरा ओलसर फडक्याने पुसा, खार बसतो.

टाइमलाइन, चिपळूण

सात दिवसांचा हिशोब मी देतो, एडिटर आहे.

पहिला अर्धा दिवस नुसती कॉपी. १०० एमबीपीएसने शूट केलं तर तासाला ४५ जीबी होतात, ते दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर गेल्याशिवाय आणि दोन्हीकडे उघडून बघितल्याशिवाय फोनमधून एक क्लिप उडवायची नाही. मग सगळं बघायचं, सगळं म्हंजे सगळं, आणि प्रत्येक क्लिपपुढे एक ओळ लिहायची. आईचं बोलणं कागदावर उतरवून काढायचं आणि पेनाने त्यातली कामाची वाक्यं खुणावायची. दीड-दोन दिवस इथेच जातात, आणि हेच सगळ्यात कंटाळवाणं असल्याने लोक हेच टाळतात आणि मग तुझ्यासारखं दिवाळीत रडतात, राग मानू नकोस.

मग रफ कट, म्हंजे क्लिपांची पहिली कच्ची जोडणी. गाणं न लावता! गाणं लावलं की वाईट कट पण बरा वाटायला लागतो. पहिल्यांदा सहा-सात मिनिटांचं होईल, घाबरू नकोस. ते आमसूल न बघितलेल्या माणसाला दाखव, तो कुठे मोबाईल बघायला लागतो तिथे काप. असं दोनतीनदा केलं की तीन मिनिटांवर येतं. इथे लॉक करायचं, म्हंजे यापुढे एक फ्रेम इकडची तिकडे नाही, कारण आवाज साफ करणं, रंग, अक्षरं हे सगळं त्याच्यावर बसतं. एका गिऱ्हाईकाने लॉक झाल्यावर मधला एक मिनिट बदलायला लावला होता, रंग परत, मिक्स परत, माझे तीन दिवस गेले आणि पैसे वाढवून मागितले तर एवढ्याशा बदलाचे कसले पैसे. तुमच्या गटातल्या सातही जणींना लॉकच्या आधी एकत्र बसवून दाखव, नंतर नाही.

सॉफ्टवेअरला डाविंची रिझॉल्व्ह फुकटवालं पुरे, फोर-के पण निघतं. कॉम्प्युटर अडखळला तर प्रॉक्सी बनव, छोट्या हलक्या कॉपीवर कापायचं आणि शेवटी मूळ क्लिपेवर निघतं. मराठी अक्षरं टाकलीस की जोडाक्षरं नीट आलीत का बघ, "प्रक्रिया" ची पार वाट लागलेली मी छापून आलेली बघितलीय. अक्षरं कडेला चिकटवू नकोस, काही टीव्ही कडा कापतात. गाणं फिल्मी नको, यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी आहे तिथलं घे. आणि प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्याच स्क्रीनवर, त्याच पेनड्राइव्हने लावून बघ.

कोकमवाली, गुहागर

सगळ्यांचे खूप आभार, आज वहीत मधोमध रेघ मारलीय. डावीकडे अकरा जागा रिकाम्या आहेत. आईला सांगितलं दोन दिवस एकच साडी नेसायची, तर आता सातही जणींची कुठली साडी यावर बैठक चालू आहे. फ्रिज बंद करायला मात्र ती तयार नाही, म्हणते आधी मासे शेजारी नेऊन ठेव मग बघू.

मालवणी झील

मासे शेजारी कित्याक, शूटिंगवाल्यांका वाढ. मी येतंय.