मदत हवी आहे: पंचवीस वर्षांच्या कल ईला व्हिस्कीतला धूर गेला कुठे?

नमस्कार मंडळी,

हे पाककृतीत विचारावं की आरोग्यात, ते कळेना, म्हणून इथेच टाकतोय.

ग्लासगोतल्या आम्ही काही मित्रांनी वर्गणी काढून कल ईलाची २५ वर्षांची बाटली घेतली. किंमत लिहीत नाही, घरची मंडळीही इथे वाचतात. आमच्यातला एक जण कायमचा पुण्याला परत चाललाय, त्याला स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या व्हिस्कीचा धूर पोटभर पाजूनच पाठवायचं ठरलं होतं. १२ वर्षांची कल ईला आमच्या बैठकीत नेहमीची, तेव्हा तिची थोरली बहीण दुप्पट धुरकट असणार असं सगळ्यांनी धरलेलं.

सगळं रीतसर केलं. वर निमुळते होणारे पेले, बर्फ नाही, सोडा नाही, चखणा नंतर. आधी बारावाली ओतली. नाक घातल्या घातल्या जळकं लाकूड, लिंबाची साल आणि आयोडीन. मग पंचवीसवाली. तिच्यात पहिल्यांदा चक्क मध! मग मेण, सुकवलेलं सफरचंद, किंचित कापूर. घोट तेलकट, गोडसर, मागाहून खारट. धूर आला तो गिळून झाल्यावर, विझलेल्या चुलीतल्या राखेसारखा, पण आला तो बराच वेळ घशात राहिला. चवीला तक्रार नाही, फर्मास आहे. पण ज्याच्यासाठी घाट घातला तोच म्हणतो, "अरे, ह्यात पीट घालायचं विसरले का?" (पीट म्हणजे धुरासाठी जाळतात ती दलदलीतली माती.)

दोन्ही बाटल्या ४३ टक्क्यांच्याच, म्हणजे दोष अल्कोहोलच्या प्रमाणाचा नाही. माल्टही (मोड आणून वाळवलेलं सातू) आयलावरच्याच पोर्ट एलनच्या माल्टिंग्जमधून, म्हणजे माल्ट बनवायच्या कारखान्यातून येतं, साधारण ३५ पीपीएम फिनॉलचं (धुराचा वास देणारी द्रव्यं), लागावुलिन डिस्टिलरीला जातं तसंच. दुकानात बाटली काचेच्या कपाटात दिव्याखाली उभी होती, खोक्याशिवाय. बूच अखंड निघालं, पण जरा सैल वाटलं. मला शंका त्याचीच येतेय.

तर प्रश्न असे: धूर वयामुळे कमी झाला की बाटलीच गंडलीय? पाणी घालून बघावं का? आणि उरलेली निम्मी कशी ठेवायची? मित्र जायच्या आत अजून एक बैठक आहे.

पिंपातला बेडूक:
बाटली ठीक असावी. उघडण्याआधी पातळी कुठे होती? मानेत असेल तर बुचाची काळजी सोडा. गळकं बूच असतं तर पातळी खांद्याखाली उतरली असती आणि वास ओल्या पुठ्ठ्यासारखा मेलेला आला असता. तुम्हाला तर मध आणि कापूर मिळतोय.

ते ३५ पीपीएम माल्टचं असतं, बाटलीतल्या दारूचं नव्हे. फिनॉल ऊर्ध्वपातनात बरेचसे उशिरा येतात, त्यामुळे धार कुठे तोडली, म्हणजे कुठवरची दारू ठेवली, यावर धूर ठरतो. म्हणून तर तसंच माल्ट वापरूनही लागावुलिन जड आणि कल ईला हलकी लागते. पुढे पिंपात वर्षं जातात तसा धूर मावळतो आणि लाकडाचा गोडवा वर येतो. तुम्ही पैसे दिलेत ते या गोडव्याचे. नुसता धूरच हवा होता तर कोवळी घ्यायची, निम्म्याहून कमी पैशात काम झालं असतं.

आणि क्रम उलटा करा. आधी बारावाली प्यायलात की नाक धुराला सरावतं, मग पंचवीसवालीतला धूर जाणवणार कसा?

मडगावचो:
वरच्यांशी सहमत. आमच्या गोव्यात तर पंचवीस वर्षं थांबायची सोयच नाही. स्कॉटलंडात पिंपातून वर्षाला दोनेक टक्के उडतं, इथल्या उकाड्यात त्याच्या कितीतरी पट. थांबलात तर पिंपात वासच उरेल. कुंकळ्ळीच्या पॉल जॉनवाल्यांची 'बोल्ड' व्हिस्की आयलाचंच पीट वापरते, वयाने लहान, धूर मात्र दणदणीत. मित्र पुण्याला येतोच आहे तर त्याला गोव्याला धाडा, त्याची सोय इथे होईल. :)

पाणी घाला, पण ड्रॉपरने. मुळात ४३ची आहे, चमचाभर घातलंत तर पाणचट होईल. ओतून पंधराएक मिनिटं तशीच ठेवा, मग थेंब थेंब. आणि रिकामा पेला धुऊ नका, सकाळी हुंगून बघा. बाकीचे वास उडतात, धूर काचेला चिकटून राहतो. होता की नव्हता ते तिथे कळेल.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. पातळी मानेतच होती. काल पंचवीसवाली एकटीच घेतली, आधी काहीही न पिता. धूर आहे! सुरुवातीलाच आहे, फक्त मधाच्या मागे उभा. दोन थेंब पाण्याने आणखी पुढे आला, चौथ्या थेंबाला सगळंच पातळ झालं, तिथे थांबलो. पेल्याचं राहिलं, बायकोने रात्रीच घासून टाकला.

उरलेल्या निम्मीचं मात्र कोणी सांगितलं नाही. लहान बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवली तर चालेल ना? घरी लोणच्याच्या बरण्या आहेत, पण तो धोका पत्करत नाही.

पिंपातला बेडूक:
काचेच्या, घट्ट झाकणाच्या, नव्या बाटल्या घ्या. काठोकाठ भरा, उभ्या ठेवा, अंधाऱ्या कपाटात. आडव्या वाइनच्या, ह्या नाहीत. पण चार जणांत निम्मी बाटली आणि पुढची बैठक तोंडावर, इतकी तजवीज कशाला करताय?