मदत हवी आहे: फायबरच्या होडीच्या तळाला फोड, दमट हवेत एपॉक्सी मारू का?

देवगडला आमची 22 फुटी फायबरची होडी आहे, वीसेक वर्षांची. एरवी खाडीतच नांगरलेली असते, सध्या किनाऱ्यावर ओढून शाकारली आहे. बार्नॅकल (तळाला चिकटणारे शिंपल्यासारखे जीव) खरवडल्यावर पाण्याखालच्या भागात जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराला, वाटाण्याएवढे फोड दिसले. फोडल्यावर आतून चिकट, आंबूस वासाचं पाणी आलं, म्हणजे पाणी लॅमिनेटपर्यंत (आतल्या फायबरच्या थरांपर्यंत) मुरलंय. तळ ठोकून पाहिला, बद्द आवाज कुठेच येत नाही, म्हणजे आतले थर सुटलेले वाटत नाहीत.

फोड ग्राइंडरने उघडून गोड्या पाण्याने धुतलेत. घरचे म्हणतात, पॉलिएस्टर पुट्टी भरून रंग मार. मला ते पटत नाही, पॉलिएस्टरमधून पाणी पुन्हा मुरणारच. एपॉक्सी पुट्टी, त्यावर टू-पॅक (दोन भाग मिसळून लावायच्या) एपॉक्सीचे थर, शेवटी अँटीफाउलिंग (बार्नॅकल धरू नये म्हणून मारायचा रंग) असा विचार आहे. शेड नाही, फक्त ताडपत्री. ओल मोजायचा मॉइश्चर मीटरही नाही. 31 जुलैला मासेमारी बंदी संपली की होडी पाण्यात हवी, पोट त्यावरच आहे.

तळावर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून आत दव धरतं का बघितलं, तर तळ सुकल्याची खात्री धरता येईल का? की यंदा फोड भरून नुसतं अँटीफाउलिंग मारू आणि एपॉक्सीचं काम थंडीत होडी पुन्हा वर ओढून करू?